मुलांच्या जुन्या पोशाखावरची लेणी : फिती, गोंडे, दोऱ्या, बिल्ले आणि गणवेशाची गोष्ट

दुधनाकाठ (धागाकर्ता, सेलू)

नमस्कार मंडळी,

वडील जाऊन या पौषात वर्ष झाले. वर्षश्राद्धाला आम्ही सगळी भावंडे सेलूच्या घरी जमलो, तेव्हा माळवदाच्या खोलीतली त्यांची लोखंडी ट्रंक पहिल्यांदा उघडली. तिच्यात अंगावर घालण्याजोगा एकही कपडा निघाला नाही. तळाशी मांजरपाटाची एक पिशवी होती आणि तिच्यात मूळचा तांबडा पण आता विटकरी झालेला तिकोनी रुमाल, चामड्याच्या वादीने विणलेले लहानसे कडे, पितळी शिट्टी अडकवलेली सुती दोरी, तीन पाकळ्यांचा पितळी बिल्ला, आजोबांची म्हणून ओळखीची असलेली गोंड्याची तांबडी टोपी आणि रंगीत फितींचा एक जुडगा, एवढ्या वस्तू होत्या.

रुमाल, शिट्टी आणि बिल्ला स्काउटचे आहेत हे लगेच कळले, कारण बैठकीत लावलेल्या समूहछायाचित्रात वडील त्याच वेशात मांडी घालून पुढच्या रांगेत बसलेले आहेत आणि समोरच्या पाटीवर १९५४ हे साल लिहिलेले आहे. फितींचे मात्र कोडे पडले. त्या पाच आहेत, तीन हिरव्या आणि दोन निळ्या, प्रत्येक साधारण अर्धा इंच रुंद आणि वीतभर लांब. वरच्या टोकाला त्या एकत्र दुमडून काळ्या दोऱ्याने घट्ट शिवलेल्या आहेत, खालची टोके तिरपी कापलेली आहेत आणि दोन फितींच्या मधे तुटक्या रेशमाचे चार धागे उरले आहेत, त्यावरून सहावी फीत कधीतरी फाटून गेली असावी. धाकट्या बहिणीने त्या कुणाच्या तरी वेणीच्या रिबिनी समजून केराच्या ढिगात टाकल्या होत्या आणि मी त्या केवळ शिवण पाहून उचलल्या, कारण वेणीची रिबीन कोणी अशी शिवत नाही.

तेव्हापासून या विषयाने मला धरून ठेवले आहे. जुन्या पोशाखाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते कापडाविषयी, विणकामाविषयी आणि बहुतेक वेळा स्त्रियांच्या वस्त्रांविषयी असते. मुलग्यांच्या कपड्यांवर जे लावले, टाचले, बांधले किंवा अडकवले जात असे, त्याला कोणी हात लावत नाही. माझे म्हणणे असे आहे की मुलग्यांच्या गणवेशाचा इतिहास मुळात या लहान वस्तूंचा इतिहास आहे, कापड त्यात मागाहून आले.

याला आधार देतो. ग्लासगो शहरात विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांनी ४ ऑक्टोबर १८८३ रोजी बॉईज ब्रिगेड सुरू केली, तेव्हा कामगारवस्तीतल्या मुलांना पूर्ण गणवेश परवडणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून टोपी, कमरेचा पट्टा आणि खांद्यावरून आडवी घेतलेली पांढरी झोळी एवढ्या तीनच वस्तू ठरल्या, आणि त्या मुलाने आपल्या नेहमीच्या कपड्यांवर चढवायच्या. स्काउटचा पहिला प्रयोग त्याहून साधा होता. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले, त्यांत ईटन-हॅरोसारख्या श्रीमंत शाळांची मुले होती आणि आसपासच्या गावांतल्या बॉईज ब्रिगेडमधली कष्टकऱ्यांची मुलेही होती. कपडे प्रत्येकाचे आपापले होते. मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येकाच्या खांद्यावर संघाच्या रंगाची गाठ लावली : लांडगे निळे, बैल हिरवे, कर्ल्यू पक्षी पिवळे, डोमकावळे लाल. रंगीत गाठ आणि पितळी बिल्ला, एवढ्यावर ते काम भागले. खाकी सदरे, रुंद काठाच्या टोप्या वगैरे मागाहून ठरले.

त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाला शाही जहाजावरच्या खलाशांच्या नमुन्याचा पोशाख शिवून घातला गेला आणि विंटरहाल्टर या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. पुढची कित्येक दशके युरोपभर मुलांना चौकोनी गळपट्टीचे, गळ्यात पांढरी दोरी असलेले नाविक कपडे घालण्याची चाल पडली. खलाशाची दोरी चाकू पाण्यात पडू नये म्हणून होती. मुलाच्या दोरीच्या टोकाला शिट्टी आली, आणि माझ्या वडिलांच्या दोरीच्या टोकालाही शिट्टीच आहे.

तेव्हा जाणकारांना विनंती की त्या फितींच्या जुडग्याविषयी सांगावे, आणि आपल्या मराठवाड्यात, निजामी काळातले असो वा नंतरचे, मुलग्यांच्या कपड्यांवर काय काय लावले जात होते ते आपापल्या घरच्या आठवणींतून लिहावे. लिहिताना वस्तूचे माप, शिवण आणि कापड यांचा उल्लेख जरूर करावा, कारण या वस्तूंची नोंद कुठेच होत नाही.

---

निवृत्त स्काउटमास्तर (लातूर)

दुधनाकाठ, त्या फिती वेणीच्या नाहीत आणि तुम्ही त्या उचलल्यात हे फार चांगले केले. ती खांदाफीत आहे. तुम्हीच ब्राउन्सी बेटावरच्या ज्या रंगीत गाठीचा उल्लेख केला, तिचेच हे पुढचे रूप. स्काउटच्या जुन्या गणवेशात प्रत्येक मुलगा आपल्या संघाच्या रंगाच्या फितींचा जुडगा डाव्या खांद्यावर लावत असे. आमच्या वेळेपर्यंत ती पद्धत मागे पडली होती, परंतु माझ्या गुरुजींच्या सदऱ्यावर मी ती लहानपणी पाहिली आहे. मैदानात मुले पाठमोरी पळत असली तरी खांद्यावरच्या फितींवरून कोण कोणत्या संघाचा आहे हे दुरून कळत असे.

बाकी वस्तूंचेही सांगतो. चामड्याच्या कड्याला वॉगल म्हणतात. आधी मुले रुमालाची टोके गळ्याशी गाठ मारून बांधत, त्याने कापड चुरगळे आणि लवकर विरे. इंग्लंडमधील गिलवेल येथे स्काउटमास्तरांचे प्रशिक्षण होत असे, तेथे १९२० च्या दशकात बिल शँकली यांनी चामड्याच्या वादीला पगडीसारखे पेड घालून हे कडे तयार केले. आपले कडे जरा उलटसुलट करून पाहा. वादीचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक बाहेरून दिसत नसेल, आतल्या पेडाखाली दडपलेले असेल, तर ते हाताने आणि मन लावून विणलेले आहे असे समजावे. मी मुलांना हे कडे शिकवताना वादी आधी पाण्यात भिजवायला सांगत असे, म्हणजे वाळताना ती आवळते आणि पेड सैल पडत नाहीत.

रुमाल ही तर सर्वांत उपयोगाची वस्तू. मोडलेल्या हाताला झोळी, डोक्याला पट्टी, घोट्याला आवळपट्टी, धुरात नाकावर आडोसा, हे सगळे त्याच तिकोनी कापडातून होते. रुमालाच्या टोकाला आणखी एक लहान गाठ असे. दिवसाचे सत्कृत्य झाले की ती सोडायची. माझ्या पथकातला एक मुलगा संध्याकाळी घरी जाता जाता ती गाठ पाहून परत फिरला होता आणि चौकातल्या म्हातारीची घागर तिच्या दारापर्यंत पोचवून मगच घरी गेला होता. तो आज स्वतः आजोबा आहे.

तीन पाकळ्यांचा बिल्ला म्हणजे जुन्या नकाशांवर उत्तर दिशा दाखवणारे चिन्ह. भारतात १९१६ साली ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांसाठी वेगळी स्काउट संघटना काढली, कारण आधीच्या संघटनेचे दार युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच उघडे होते. त्या मुलांच्या डोक्याला साहेबी टोपीऐवजी साफा होता. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ मध्ये सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्सची स्थापना झाली आणि नंतर गाईड्सही त्यात आल्या. आताच्या चिन्हात त्या पाकळ्यांच्या जोडीला गाईड्सचे त्रिदल आणि मधोमध अशोकचक्र आहे. तुमच्या वडिलांच्या बिल्ल्यावर चक्र आहे की नाही, ते भिंगातून पाहून जरूर कळवावे. चक्र असेल तर बिल्ला १९५० नंतरचा आहे.

जाता जाता आणखी एक, कारण मला ते फार आवडते. लहान मुलांचे कब पथक १९१६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यांची टोपी हिरवी आणि तिच्या प्रत्येक शिवणीवर पिवळी दोरी भरलेली, अशी होती. त्या टोपीवर मुलाला आधी एक तारा मिळे आणि नंतर दुसरा. कब म्हणजे लांडग्याचे पिल्लू, आणि ते जन्मतः डोळे मिटलेले असते, म्हणून पहिला तारा म्हणजे एक डोळा उघडला आणि दुसरा तारा म्हणजे दोन्ही डोळे उघडले. आठ-नऊ वर्षांच्या पोराला हे सांगितले की तो टोपी काढून पुन्हापुन्हा त्या ताऱ्यांकडे पाहत असे.

एक सूचना. फितींच्या जुडग्याची मागची बाजू तपासा. टाचणीच्या किंवा सेफ्टी पिनच्या खुणा असतील.

---

शिवणटिपण (बीड)

हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. मी शिवणकाम करते आणि आमच्या घरात चार पिढ्यांची अंगडी-टोपडी जपून ठेवलेली आहेत.

मुलग्यांच्या कपड्यांवरच्या लेण्याचा विचार गणवेशापासून सुरू केला तर अर्धी गोष्ट सुटते, असे मला वाटते. आपल्याकडे ते बाळंतविड्यापासून सुरू होते. कुंची मुलगा-मुलगी दोघांनाही असते, डोक्यापासून पाठीवर रुळणारी, खणाची किंवा किनखाबाची, कडेने जरीचा गोट लावलेली. मुलग्याच्या टोपड्याला मात्र वर गोंडा येतो, कपाळावर कोयरी येते आणि कानांवरून खाली बंद येतात. कमरेला काळा करदोटा, मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या, गळ्यात दृष्टमणी, पायांत वाळे आणि मुंजीच्या वयात उजव्या कानाच्या वरच्या पाळीला भिकबाळी. यातला एकही दागिना केवळ शोभेचा म्हणून घातला गेला नाही. दृष्ट आधी त्या चकाकणाऱ्या वस्तूवर पडावी आणि लेकरावर पडू नये, ही त्यामागची आईची कळकळ होती. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात काळ्या झबल्यावर हलव्याचा मुकुट, हार आणि बाजूबंद चढतात, तेही मला याच माळेतले वाटतात.

गोटाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या हातातला विषय आहे. आडव्या-उभ्या धाग्यांना तिरपे कापलेल्या पट्टीला आम्ही उरेब म्हणतो. उरेब पट्टी ताणते, वळते, गळ्याच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसते. लहान मुलाचा कपडा सर्वांत आधी कडेला फाटतो, कारण ते तोंडात धरते, ओढते आणि रांगताना गुडघ्याखाली घेते. म्हणून कडेला दुसऱ्या मजबूत कापडाचा गोट द्यायचा. तो दिसणारच आहे तर रंग उठावदार घ्यायचा. म्हणजे आधी मजबुती आणि तिच्या पाठोपाठ शोभा. कब मुलांच्या टोपीच्या शिवणीत भरलेली पिवळी दोरी मी पाहिलेली नाही, पण वर्णन वाचताच कळले की ती शिवण झिजू न देण्याचे काम करीत असणार.

आधीच्या काळी बटणेही नव्हती. बाराबंदीला तिचे नावच बंदांवरून पडले, आणि अंगरख्याला कसे, म्हणजे बांधायच्या नाड्या, असत किंवा कापडाची गुंडी आणि दोऱ्याचा फासा असे. आमच्या पणजोबांच्या मुंजीतल्या अंगरख्याची एक गुंडी माझ्याकडे आहे, कापडाची उरेब नळी करून तिची गाठ वळलेली, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. इतकी वर्षे झाली तरी तिचा एक टाका उसवलेला नाही.

दुधनाकाठ, रुमालाच्या तिन्ही कडा मोजून सांगाल का? आणि तिन्ही कडांची शिवण सारखीच आहे का?

---

जुना बाजार (छत्रपती संभाजीनगर)

आजोबांच्या तांबड्या टोपीविषयी लिहितो. ती रुमी टोपी. संस्थानात तिला तुर्की टोपीही म्हणत आणि तिच्या काळ्या गोंड्याला फुंदना. तुर्कस्तानात १९२५ च्या कायद्याने ही टोपी घालण्यावर बंदी आली, परंतु निजामाच्या राज्यात ती १९४८ पर्यंत दरबारी आणि शालेय पोशाखात राहिली. तेव्हा शिक्षण उर्दूतून होते आणि तहतानिया (प्राथमिक), वस्तानिया (मिडल), फोकानिया (हायस्कूल) अशा पायऱ्या होत्या. आमच्या आजोबांच्या फोकानियाच्या छायाचित्रात जोशी, देशमुख, सय्यद, पाटील असे सगळे शेरवानी आणि रुमी टोपीत बसलेले दिसतात आणि चेहऱ्याखालची नावे झाकली तर कोण कोणत्या घरचा हे सांगता येत नाही.

फुंदना हे वेगळे प्रकरण आहे. तो रेशमी धाग्यांचा असतो आणि टोपीच्या माथ्यावरच्या बारीकशा देठाला बांधलेला असतो. धावपळीत त्याचा देठच तुटतो, म्हणून तुमच्या टोपीचा गोंडा निखळलेला असेल तर नवल नाही. आमच्या आजी सांगत की मुलगा शाळेतून आला की आधी गोंडा पाहायचा. गोंडा विस्कटलेला असेल तर वाटेत कुस्ती झाली असे ओळखायचे. त्यांच्याकडे एक शिंगाचा लहान कंगवा केवळ गोंडा विंचरायला ठेवलेला होता.

शेरवानीच्या बटणांकडेही लक्ष वेधतो. ती कापडाला शिवलेली नसत. बटणाच्या पाठीला कडी असे, ती काजातून आत घालून मागून बारीक वळ्याने अडकवत. कपडा धुवायला टाकताना सगळी बटणे काढून डबीत ठेवायची. त्यामुळे शेरवानी जीर्ण झाली तरी बटणे पुढच्या शेरवानीवर चढत, आणि थोरल्याची बटणे धाकट्याकडे जात. आमच्या डबीतली सात बटणे बिदरी आहेत. बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे तांबे. त्यावर नक्षी कोरून तीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून तिने घासतात. त्याने धातू काळाभोर होतो आणि चांदी जशीच्या तशी पांढरी राहते. एका बटणावर एकच फूल आहे, पाच पाकळ्यांचे, आणि प्रत्येक पाकळीची चांदी तांदळाच्या दाण्याएवढी. ती काळवंडू लागली की आम्ही खोबरेल तेलाचे बोट फिरवतो. चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण त्याने काळेपणाच निघून जातो.

मोठ्या घरच्या मुलांच्या शेरवान्या हिमरूच्याही असत. आपल्या औरंगाबादचे हे कापड, ताणा सुती आणि बाणा रेशमी, त्यामुळे ते अंगाला मऊ लागते आणि उन्हाळ्यातही सोसते.

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडे १९३० च्या सुमाराचे एक छायाचित्र आहे, त्यात पाच वर्षांचे आजोबा नाविक गळपट्टीच्या सदऱ्यात आहेत आणि गळ्यातून पांढरी दोरी खिशात गेलेली आहे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चाळिशीत. गळपट्टीवर पांढऱ्या फितीच्या तीन रेघा आहेत. त्या तीन रेघा ॲडमिरल नेल्सनच्या तीन विजयांच्या आहेत असे मी ऐकले आहे. जाणकारांनी सांगावे.

---

दुधनाकाठ

खामकाठ, ही कथा जगभर सांगितली जाते, पण ती खरी नाही. नाईल, कोपनहेगन आणि ट्रॅफल्गर या तीन लढायांशी त्या रेघांचा संबंध नंतर जोडला गेला. ब्रिटिश आरमारात खलाशांचा गणवेश १८५७ मध्ये ठरला, तोवर खलाशी आपले कपडे स्वतः शिवत आणि गळपट्टीवर जमेल तशा रेघा लावत. नेल्सन तर १८०५ मध्येच गेला होता. गणवेश ठरवताना तीन रेघा नक्की झाल्या आणि पुढे त्यांना अर्थ चिकटला. वस्तू आधी आणि तिची कथा मागाहून, असे या विषयात वारंवार होताना दिसते. म्हणूनच घरच्या वस्तूविषयी लिहिताना आपण काय पाहिले आणि काय ऐकले हे वेगवेगळे लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

आपल्या छायाचित्रातील दोरी कोणत्या खिशात गेली आहे, डाव्या की उजव्या, तेही कळवावे.

---

नांदेडहून

थोडक्यात भर घालतो. आमच्या नांदेडला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराच्या हल्लाबोल मिरवणुकीत दसऱ्याला आणि होळीला शीख मुले निळ्या चोल्यात असतात आणि त्यांच्या उंच दुमाल्यावर पोलादी चक्रे चढवलेली असतात. ही चक्रे मूळची शस्त्रे आहेत, पगडीवर ठेवली म्हणजे लढाईत हाताशी राहत आणि डोक्यावरचा वारही अडवत. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या दुमाल्यावर त्याच्या वयाला झेपेल एवढे लहान चक्र असते. गणवेशावरच्या वस्तूचे मूळ काम आणि आजची शोभा एकाच जागी पाहायची असेल, तर त्या दिवशी नांदेडला यावे.

दुसरे, शाळेच्या बँडविषयी. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला आणि २६ जानेवारीला ढोल वाजवणाऱ्या मुलांच्या खांद्यांवर जी झालरीची पट्टी असते, तिचेही मूळ असेच आहे. सैनिकाच्या खांद्यावरून आडवा गेलेला पट्टा घसरू नये म्हणून आधी साधी कापडी पट्टी आली, आणि तिला झालर नंतर लागली. ढोलाचा पट्टा आजही तिच्याखालूनच जातो.

---

पैठणची शिक्षिका

मला येथे थोडे दुःखाने लिहायचे आहे. नाथषष्ठीच्या यात्रेत आमची स्काउट-गाईडची मुले गोदावरीच्या घाटावर सेवेला उभी असतात. चार वर्षांपूर्वी गर्दीत एका वारकरी आजोबांचा पाय घाटाच्या पायरीवरून सरकला आणि मनगट दुखावले. आमच्या सातवीच्या मुलाने गळ्यातला रुमाल काढून झोळी करायला घेतली, तेव्हा लक्षात आले की तो रुमालच नव्हे. ज्या पुरवठादाराकडून त्या वर्षी गणवेश आले होते, त्याने वीतभर पट्टी शिवून तिला मागे इलॅस्टिक लावले होते आणि पुढे प्लॅस्टिकचे कडे चिकटवले होते. समोरून पाहिले तर सगळे जिथल्या तिथे होते. मुलगा ते हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. शेवटी आजोबांच्याच उपरण्याची झोळी केली.

त्या वर्षीपासून आम्ही कापड आणून रुमाल शाळेतच कापतो आणि मुलांकडून शिवून घेतो. माझा आग्रह एवढाच आहे की गणवेशातील ज्या वस्तूला काम आहे, तिचे काम काढून घेऊन केवळ आकार ठेवू नये. पालकसभेत हे मांडले तेव्हा तयार रुमाल स्वस्त पडतो असे मला सांगण्यात आले. प्रत्यक्षात चौकोनी कापड कर्णावर कापले की दोन रुमाल निघतात आणि हिशेब उलट आपल्या बाजूने लागतो.

---

शिवणटिपण

पैठणच्या ताई, अगदी बरोबर. मी कडांची शिवण विचारली ती याचसाठी.

---

दुधनाकाठ

सर्वांची उत्तरे वाचून पुन्हा सेलूला जाऊन आलो. आधी विचारलेल्या गोष्टींची उत्तरे देतो.

रुमालाच्या दोन कडा तीस-तीस इंच आहेत आणि तिसरी बेचाळीस इंचांहून किंचित जास्त. दोन लहान कडांपैकी एक कापडाचा मूळ काठ आहे आणि तिला शिवण नाही. दुसरी मशीनवर दुमडलेली आहे. लांब कड मात्र हाताने, अगदी बारीक टाक्यांनी दुमडलेली आहे आणि मधोमध ताणून थोडी लाटेसारखी झाली आहे. म्हणजे तीच उरेब कड असणार आणि रुमाल तीस इंचांच्या चौकोनातून कापलेला असणार. दुसरा अर्धा कुणाच्या गळ्यात होता हे परभणीच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, न विचारताच सांगितले. तो त्यांच्या गळ्यात होता. कापड आजीने आणले होते आणि हाताची शिवणही तिचीच आहे.

बिल्ल्यावर अशोकचक्र आहे. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे भिंगातून पाहिले, आरे झिजलेले आहेत पण मोजता येतात. चामड्याच्या कड्याची दोन्ही टोके आत दडपलेली आहेत.

फितींचे रंग ऐकताच तात्या म्हणाले, "मोर संघ. तुझे वडील त्या संघाचे नायक होते आणि मी त्यांच्या हाताखाली होतो, थोरला असूनही." सहावी फीत कशी गेली हे त्यांना आठवत नाही.

आता मागच्या बाजूविषयी. जुडग्याच्या शिवणीखाली गंजाचे दोन डाग आहेत, एकमेकांपासून सव्वा इंचावर. पिन राहिलेली नाही. हे डाग पाहत असताना आमच्या आत्याने विचारले की तो खाकी सदरा कुठे गेला ते तुला माहीत आहे का, आणि ती उठून आतल्या खोलीतून आजीची वाकळ घेऊन आली. आमच्या घरात कोणतेही जुने कापड टाकले जात नसे, सगळे वाकळेत जाई. ती वाकळ आम्ही माळवदावर उन्हात पसरली. नऊवारीचे तुकडे, धोतराचे थर, गादीपाटाचा एक पट्टा, आणि पायथ्याच्या कोपऱ्यात खाकी कापडाचे तीन तुकडे सापडले. त्यांतल्या सर्वांत लहान तुकड्यावर एका बाजूला बाहीच्या गोलाईची जुनी दुमड आहे, म्हणजे तो खांद्याचा भाग आहे, आणि दुमडीपासून दोन बोटांवर गंजाचे दोन डाग आहेत. मी टेप लावली. अंतर सव्वा इंच भरले.

वाकळेची शिवण सोडवलेली नाही. फितींचा जुडगा त्या डागांवर ठेवून छायाचित्र काढले आहे, आणि जुडगा धुतलेल्या मलमलीत गुंडाळून वाकळेच्याच घडीत ठेवला आहे.